यजमान, नाव सांगा

प्रिय बाबा,

काल तुमचा दहावा झाला. एका घरात राहून पत्र कशाला लिहायचं, म्हणून कधी लिहिलं नाही. पण काल गंगेवर, तुमच्या रामकुंडावर, वसंतकाकांनी एक गोष्ट सांगितली आणि ती तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडेना. आता बोलणार कुणाशी?

माझी सातवीतली वही आठवते? 'अलिप्तपणे : अर्थ लिहा व वाक्यात उपयोग करा.' अर्थ मी लिहिला, 'मन न गुंतवता'. आणि वाक्य, 'माझे बाबा रामकुंडावर लोकांची श्राद्धे अलिप्तपणे करतात.' आई रागावली. तुम्ही मात्र हसलात. "बरोबर लिहिलंय गं त्याने. समोरच्याबरोबर भटजीही रडायला लागला तर मंत्र कोण सांगणार?"

तेव्हा ते मला पटलं होतं. आई गेली आणि तिच्या वर्षश्राद्धाला तुम्ही स्वतःच पौरोहित्याला बसलात, तेव्हा नाही पटलं. मी समोर, बोटात दर्भ. आणि तुम्ही परक्यांना म्हणता त्याच आवाजात म्हणालात, "यजमान, नाव सांगा." चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव मला विचारता? 'सुमन' म्हणालो मी, दातओठ खात. तुम्ही मान खाली घालून पुढचा मंत्र सुरू केलात.

त्यानंतर चार वर्षं मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. गोळ्या घेतल्या का, गॅस आला का. "जरा बस की रे," म्हणायचात, आणि मी फोन बघत आत जायचो. तुम्ही तरी का नाही भांडलात? एकदा खडसावलं असतंत तर बरं झालं असतं.

काल तुमच्या जागी वसंतकाका बसले होते. तीस वर्षं घाटावर तुमच्या शेजारी बसलेला माणूस. म्हणाले, "यजमान, नाव सांगा." आणि बाबा, माझ्या तोंडून तुमचं नाव निघेना. काका थांबले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, मी बसतो. तर म्हणाला, नको, हिचं मीच करणार. फक्त नाव पोराकडून घेईन. माझ्या तोंडून निघालं, तर पुढचं काही मला सांगता यायचं नाही."

एवढंच होतं का ते? मग त्या दिवशी मी तुमच्या तोंडाकडे का नाही पाहिलं? शेजारी बसलेल्या काकांना कळलं, पोटच्या पोराला नाही कळलं.

त्या शब्दाचा वाक्यात उपयोग मला आज जमेल. मी चार वर्षं माझ्या बाबांशी अलिप्तपणे वागलो. हे वाक्य वाचून हसायला तुम्ही नाही. खूप चुकलं माझं, बाबा.

पुढच्या वर्षी तुमच्या श्राद्धाला काका पुन्हा नाव विचारतील. मी सांगेन, मोठ्याने सांगेन. आधी तुमचं, मग आईचंही. रडू आलं तर रडेन. मंत्र सांगायला काका आहेत.

तुमचाच,
नंदू