कळंबा रोडच्या फ्लॅटला भाडेकरू पाहिजे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

आदरणीय कृष्णातराव,

तुमच्या दाजींचा रामराम. म्हैस व्याली आणि रेडी झाली, ही बातमी इकडं पोचली. दोघींचं बरं चाललं असेल. गड चढताना तुमचा गुडघा धरतो असंही ऐकलं. गड कुठं जात नाही, तुम्ही सावकाश चढत जा. तुमच्या भगिनी सौ. संयोगिता यांची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम मी लग्नापासून पाहिली नव्हती. माझीही ठीक आहे. (खानावळीत तेल जरा सढळ हातानं घालतात, एवढंच.) फोन करता आला असता. पण तुम्ही फोन डेअरीच्या कट्ट्यावर स्पीकर लावून घेता, आणि मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर अख्ख्या गावानं औषधं सुचवली. (त्यातलं एक लागू पडलं. ज्यांनी सांगितलं त्या पावण्यांना नमस्कार.) म्हणून हे पत्र. ते कट्ट्यावर वाचू नये.

तुम्ही विचारलं होतं की तुम्हालाही कोल्हापुरात जागेत पैसा घालायचा आहे, तर नवख्या माणसानं काय बघावं, दुरुस्ती किती करावी, आणि मग विकावी की भाड्यानं द्यावी. सूतगिरणीच्या स्टोअरमधून रिटायर झालो तेव्हा हेच प्रश्न मी रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना विचारले होते. तिथं जो तो उत्तर देतो, कारण चालताना दुसरं काम नसतं. एकजण म्हणाले, जमीन घ्या, जमीन कधी खोटं बोलत नाही. म्हणून मी गडमुडशिंगीला एक प्लॉट बघायला गेलो. प्लॉटवर डोक्याएवढा ऊस उभा होता आणि उसात मालकाचे चुलतभाऊ उभे होते. त्यांना विक्रीतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला, ऊस दिला, आणि परत या बाजूला येऊ नका असं सांगितलं. माणसं चांगली होती. जमीन खोटं बोलत नाही हे खरंच आहे, पण ती बोलतच नाही, तिच्या वतीनं चुलतभाऊ बोलतात.

मग फ्लॅट बघायचं ठरलं. ऋतुराज नावाचा एक एजंट आहे, पोरगा गोड. त्यानं कळंबा रोडला जुन्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. बाहेर ऊन रखरखत होतं, आत पंखा लावलेला, उदबत्ती लावलेली. मी कलिंगड बघतात तशी प्रत्येक भिंत बोटानं वाजवून बघितली, नळ सोडून बघितले, दारं उघडझाप केली, वकिलाकडून कागद तपासून घेतले. एवढं सगळं करताना मी वर तेवढं बघितलं नाही. आपल्याकडं माणूस जागा घेताना खाली बघतो, फरशी कशी आहे म्हणून. तुम्ही वर बघा. आमच्या छतावर जगाच्या नकाशासारखा एक डाग होता, आणि पुढं पावसाळ्यात त्यातून सगळे समुद्र खाली आले. गच्चीची दुरुस्ती कुणी करायची म्हणून सोसायटीच्या बैठकीत गेलो, तर गच्ची सगळ्यांची आहे असं एकमतानं ठरलं. म्हणजे कुणाचीच नाही. शेवटी मीच करून घेतली. आता वाळवणं मात्र सगळ्यांची असतात.

दुरुस्तीचं म्हणाल, तर माझा बेत फक्त रंग मारायचा होता. काम सम्राटला दिलं. (पूर्वी तालमीत होता, आता कंत्राटं घेतो. कशालाही नाही म्हणत नाही. "हून जातंय की" हे त्याचं उत्तर, आणि ते तो प्रश्न पुरा व्हायच्या आत देतो.) त्यानं रंग खरवडला तर गिलावा सुटला. गिलावा काढला तर आतला बाथरूमचा पाइप गंजलेला निघाला. पाइपाला हात लावला तर तो हातात आला, आणि पाणी खालच्या विजयमाला काकूंच्या पंख्यातून त्यांच्या ताटात उतरलं. काकूंच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत, त्यामुळं सगळं कुटुंब त्या वेळी पंख्याखालीच बसलं होतं. काकू वर आल्या. भांडल्या नाहीत. मोडलेलं बाथरूम शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाल्या की आमचंही असंच जुनं झालंय. एवढ्यावरून मी काय ते समजलो. तर कृष्णातराव, दुरुस्तीचा हिशेब मांडताना आपल्या फ्लॅटबरोबर खालचा अर्धा धरून चाला.

सगळंच मोडलंय तर आता नीट करू, असं मग ठरलं. नीट म्हणजे कुणासाठी, हा पुढचा प्रश्न. रंकाळ्यावर सगळ्यांनी सांगितलं की स्वतःची आवड बाजूला ठेवायची, भाडेकरूला काय लागतं ते बघायचं. मला पटलं. मी मनातल्या मनात एक भाडेकरू उभा केला: बदलीवर आलेला अधिकारी, शांत, मिशी नाही, बायको स्वच्छतेची. मला वीट-सिमेंटच्या धुळीनं शिंका येतात म्हणून कामावर देखरेख करायला सौ. जाऊ लागल्या. संध्याकाळी घरी येऊन त्या सांगत, ओटा जरा खाली घ्यायला पाहिजे, उंच ओट्यानं बाईचा खांदा दुखतो. मी म्हणायचो, घ्या, भाडेकरूला त्रास नको. स्वयंपाकघरात पूर्वेला मोठी खिडकी पाहिजे. फोडा भिंत, भाडेकरूला उजेड लागतो. खिडकीखाली बसून भाजी निवडायला रुंद कट्टा पाहिजे. करा. मी एकदाही नाही म्हटलं नाही. सम्राटनंसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलं की काका, भाडेकरू तुमच्या नात्यातला हाय काय.

काम संपलं आणि सौ. भाडेकरू बघायला बसल्या. हे मी त्यांच्याकडंच सोपवलं होतं, कारण मला माणसाच्या तोंडावर नकार देता येत नाही. त्यांना येतो. कॉलेजच्या पोरांना, भिंती मळवतील म्हणून नाही. बँकेतलं एक जोडपं आलं, दोघंही गुणी. पण रोज जेवण बाहेरून मागवतो म्हणाले, तर मग ह्या स्वयंपाकघराला लाज वाटेल म्हणून नाही. एक जनावरांचे डॉक्टर आले, अगदी मला हवे तसे, मिशीसुद्धा नसलेले. त्यांनी सगळं बघितलं, पसंत केलं, आणि ओटा थोडा उंच करून मिळेल का एवढंच विचारलं. त्यांना चहाही मिळाला नाही.

असो. जागेच्या धंद्यात घाई करून चालत नाही, हा या सगळ्याचा सारांश. जागा चांगली करून ठेवावी, योग्य माणूस आपोआप येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, रेडीला चारा.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. वर लिहायचं राहिलं. फ्लॅटला भाडेकरू मिळाला आहे. तुमच्या ओळखीचा आहे. जनावरांचे डॉक्टर गेले त्या दिवशी मी घरी जरा आवाज चढवला, की अशानं त्या जागेत कुणी राहायलाच येणार नाही. सौ. भाकरी थापत होत्या. तवा उतरवून त्या म्हणाल्या, "ह्या घरात खिडकी मागून मागून माझं तोंड दुखलं, तुम्ही पुढच्या वर्षी बघू म्हणत आलासा. आन् ज्याचं अजून नावबी ठाऊक न्हाई, त्या भाडेकरूला भिंत फोडून खिडकी दिलासा. मग मीच भाडेकरू हाय असं समजा." मी तसं समजलो नाही, भाकरी खाल्ली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सम्राट टेम्पो घेऊन आला. (हून जातंय की.) त्यांनी त्यांचं कपाट, शिलाई मशीन आणि तुळशीची कुंडी नेली. देव दोघांत वाटून घेतले. खंडोबा माझ्याकडं आहे. भांडण झालेलं नाही, गैरसमज नसावा. रोज सकाळी त्या फोन करून मी गोळी घेतली का विचारतात. विजयमाला काकू दुपारी वर येतात आणि दोघी त्या कट्ट्यावर बसून हसत असतात, हे मी एकदा खालच्या रस्त्यावरून ऐकलं. त्यांचं असं हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. थोडा वेळ थांबून ऐकलं आणि खानावळीत गेलो. आमटी गार होती.

पुन्हा ता. क. काल मी तिकडं जाऊन आलो. मीही तिथं राहायला आलो तर, असं सहज विचारलं. त्यांनी मला इतरांसारखंच हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं. दिवसभर घरात असता काय, पाहुणे किती येतात, टीव्हीचा आवाज केवढा ठेवता, सगळं विचारून झालं. चहा मिळाला. मी ते शुभ धरतो. कळवते म्हणाल्या. जाताना दारात मात्र म्हणाल्या की ओळखीच्या एका माणसाची चिठ्ठी लागेल.

तर कृष्णातराव, मुळात हे पत्र त्यासाठी आहे. तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. माणूस निरुपद्रवी आहे, पाण्याचा नळ बंद करतो, एवढं लिहायला तुमची हरकत नसावी. पण त्यांची मागणी एकाच वाक्याची आहे: 'एकदा सांगितलेलं ऐकतो.' ते तुम्ही कसं लिहिणार हे मला सुचत नाही. खोटं लिहिताना दादाचं अक्षर उजवीकडं कलतं, शाळेपासून, असं त्या म्हणतात. म्हणून चिठ्ठी पाठवू नका, जमल्यास स्वतःच या. आणि आलात तर सरळ कळंबा रोडला उतरा. इकडं स्वयंपाकाची सोय नाही. मी सध्या घरीच असतो. परवा गवंड्याला बोलावलं आहे, इकडच्या स्वयंपाकघरात खिडकीचं माप घ्यायला. त्यांना हे सांगू नका. भाड्यानं द्यायच्या जागेला उजेड लागतो, म्हणून.