पोरीला बाहेर का काढलं?

पप्पा, काल रात्रभर मी झोपली नाही. उद्या सकाळी दहाला ऑपरेशन आहे. पोटात गाठ निघालीय. डॉक्टर बोलले साधी वाटते, पण काढून तपासायला पाठवू. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण झोप गेली ती वेगळ्या गोष्टीने. काल संध्याकाळी नवरा मला इथे वॉर्डात सोडून निघताना मी त्याला एक वाक्य बोलली. ते रात्रभर कानात वाजत होतं. ते सांगते, पण आधी ग्लासाचं सांगते.

आता दुपार आहे. स्टुलावर दोन लिटरचा जग ठेवलाय, पोट साफ व्हायचं औषध. चार वाजेपर्यंत सगळा संपवायचा, मग सिस्टर जग न्यायला येणार. ती बोलली, "नाक दाबून पी ताई, वास घेऊ नको." पहिला ग्लास तोंडाला लावला. खारट आणि बुळबुळीत. आणि एकदम तुम्ही आठवलात. पांढरी चादर गुंडाळलेले, हातात आपला स्टीलचा ग्लास.

आपण कॅम्प चारला राहायचो तेव्हा दर जयंतीला विहारासमोर स्टेज लागायचं आणि तुमचं ते नाटक व्हायचं. विहारातल्या सरांनी वहीत लिहून दिलेलं. ग्रीस देशातला म्हातारा, अनवाणी बाजारात फिरून लोकांना प्रश्न विचारायचा, म्हणून त्याला विष प्यायला लावलं. म्हातारा तुम्ही. विष आणून देणारा जेलचा शिपाई म्हणजे दादा. आई त्या म्हाताऱ्याची बायको आणि मी तिच्या मांडीवरची पोरगी. तुमचे हात कोपरापर्यंत निळे, जीन्सच्या कारखान्यात रंगाच्या टाकीवर काम ना. लोकांना वाटायचं विष चढल्याचा मेकप आहे. "मेकप एक नंबर," बोलायचे. तुम्ही कधी सांगितलं नाही की हा मेकप घरी पण निघत नाही.

विष म्हणजे कोकम सरबत. एका वर्षी मागून कोणीतरी ओरडलं, "काका, गोड आहे का? अजून एक ग्लास द्या रे त्यांना!" सगळी बसलेली माणसं हसली. तुम्ही चार दिवस आईशी नीट बोलला नाहीत, जसं काही सरबत तिनेच गोड केलं. पुढच्या वर्षी तिला सांगितलंत, कडुनिंबाचा पाला वाट, साखर नको. आई बोलली, "वेडे झालात काय? उलटी कराल स्टेजवर." तुम्ही बोललात, "त्या म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं नव्हतं. मी करून बघतो जमतं का." आणि प्यायलात. हळूहळू, पूर्ण ग्लास. कोणी हसलं नाही. दादाला शिपायाचं रडणं कधी जमायचं नाही, त्या दिवशी तो खरं रडला.

नाटकाचं तुमच्या अंगात एवढं गेलं की तुम्ही कारखान्यात पण प्रश्न विचारायला लागलात. "सेठ, सुखी म्हणजे काय?" सेठ वैतागायचा, "अरे साईं, तू सोचता बहुत है, पहले टंकी देख, रंग जल रहा है!" घरी येऊन तुम्ही हसत सांगायचात. सरांनी तुम्हाला ग्रीसमधल्याच अजून एकाचं सांगितलेलं, बागेत राहणारा. भाकरी, पाणी, चार दोस्त, एवढ्यात माणूस सुखी होतो असं म्हणणारा. तुम्हाला तो जास्त पटायचा. बोलायचात, आपल्याकडे भाकरी आहे, नळ सकाळी येतो, दोस्त चारपेक्षा जास्त आहेत, मग आपण सुखीच की.

मला पण पटायचं. आज पण पटतं. कात्रपला आमची एक खोली आणि किचन आहे, नवरा चांगला आहे, पोरगी अडीच वर्षांची. माझं काही अडलेलं नाही. मरण म्हणजे एक तर स्वप्न नसलेली झोप, नाहीतर आधी गेलेल्या माणसांची भेट, असं तुम्ही स्टेजवर बोलायचात. झोप असेल तर मला आत्ता चालेल, कालपासून डोळे जळतात. भेट असेल तर तुम्ही आहातच. तो बागेतला म्हणायचा, आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही. त्याचं बरोबर आहे. पण पप्पा, तेव्हा माझी पोरगी असणार ना? त्याला पोरगी नसेल.

आणि नाटकातली एक गोष्ट मला कधीच पटली नाही. विष यायच्या आधी तुम्ही हात वर करून म्हणायचात, "यांना घरी न्या." मग आई मला उचलून बाहेर न्यायची आणि मी लाथा झाडायची. मी सात वर्षांची असताना विचारलं होतं, "त्याने पोरीला बाहेर का काढलं?"

"ती रडेल म्हणून."

"रडली तर काय होतं?"

तुम्ही डोकं खाजवलंत. सरांना विचारून आलात. सर बोलले, तसंच लिहिलेलं आहे. मग तुम्ही माझ्यासमोर बसून बोललात, "मला माहीत नाही बाळा." पण चेहरा असा, जसं काही बक्षीस मिळालंय.

आणि तरी तुम्ही तेच केलंत. अकरा वर्षं झाली. तुम्ही दवाखान्यात, श्वास लागलेला, बोलता येत नव्हतं, तुम्ही दादाकडे बघून हात वर केलात. तोच हात. दादाने माझं मनगट धरलं आणि मला पॅसेजमध्ये नेलं, चहा घेऊन दिला. चहा संपायच्या आधी तुम्ही गेलात. मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला बोलली, "तू मला बाहेर काढलंस." तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. तो माझ्या लग्नाला आला, मागे उभा राहून गेला. माझ्या पोरीला त्याने एकदाच बघितलंय, नाव ठेवायच्या दिवशी.

आता ते कालचं वाक्य. नवरा विचारत होता, "उद्या दुपारी पोरीला आणू का?" मी बोलली, "नको, रडेल."

बोलली आणि माझा हात पण वर गेलेला होता, पप्पा.

मग रात्रभर मोजत बसली कोणाकोणाला बाहेर काढलं. पोरीला सासूबाईंकडे ठेवलं. नवऱ्याला बोलली ड्युटी बुडवू नको, थेट ऑपरेशनच्या सकाळी ये. आईला तर सांगितलंच नाही, ती अंबरनाथला दादाकडे असते, तिला कळलं की त्याला कळणार. शहाणी बनायला गेली आणि एकटी पडली. तो म्हातारा एवढा शहाणा होता, पण एवढं त्याला चुकलं असं मी म्हणते. सात वर्षांची असताना विचारलेलं, त्याचं उत्तर आज सांगते. रडली तर काही होत नाही. रडू द्यायची. मग आपण पितो, ती रडते, आणि दोघं एकाच खोलीत असतो. आज सकाळी नवऱ्याला फोन करून सांगितलं, ड्युटी सुटली की पोरीला आण. तो बोलला, "मी आणणारच होतो की, तूच नको बोललीस."

जग संपला. मी पण तोंड वाकडं केलं नाही. बाजूच्या बेडवरच्या मावशी बोलल्या, "काय गं, तुला आवडलं की काय?"

दादाला मात्र अजून सांगितलं नाही. दोनदा नंबर लावला, रिंग जायच्या आधी कट केला. मातीच्या दिवशी माझं चुकलं, हे मला कळतं पण तोंडातून निघत नाही. हात तुम्ही वर केलात, त्याने फक्त ऐकलं.

हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार? जगाखाली ठेवते. जो कोणी वाचेल त्याला सांगते, माझ्या फाईलच्या शेवटच्या पानावर माझ्या भावाचा नंबर आहे. प्लीज त्याला फोन करा. मी बरी आहे ते सांगा. आणि सांगा, उद्या दहाच्या आधी ये, पॅसेजमध्ये थांबू नको, आत ये.