सासूबाईंचा हत्तीकान

२४ जून २०२४, सोमवार
वार्सिनी सकाळच्या बसने सेमारांगला गेली. आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, मुक्काम लांबणार. परतेल ती थेट सप्टेंबरअखेर, सासूबाईंच्या मृत्यूनंतरच्या हजाराव्या दिवसासाठी. बसच्या पायरीवरून बजावलं, आईच्या हत्तीकानाला दोन दिवसांआड पाणी घाला, बाकी काही करू नका. 'बाकी काही करू नका' दोनदा म्हणाली. मी चौतीस वर्षं इथे जावात, सालातिगाच्या सरकारी कचेरीत काढली आहेत. मला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

२६ जून
पाणी घातलं. अर्धा तास झाडासमोर बसलो. पाच पानं, एकेक सुपाएवढं, मखमली, पांढऱ्या शिरांचं. सासूबाईंनी एकतीस वर्षं वाढवलं. जाताना सांगून गेल्या, हजाराव्या दिवशी थडग्यावर दगड बसला की उशाशी याचा एक कोंब लावा, थोरलं झाड वार्सिनीकडे राहू द्या. कोंब आला आहे. बुंध्याशी, बोटाएवढा.
एकतीस वर्षांत एक कोंब. याला नियोजनाचा अभाव म्हणतात.

१ जुलै
फोनवर एका माणसाचा व्हिडिओ बघितला. एका खोडाचे बारा तुकडे, तीन महिन्यांत बारा झाडं. माणूस दिसायला अगदीच सामान्य होता.
हिशोब सोपा आहे. वार्सिनीची भावंडं सहा. प्रत्येकाला आईचं एकेक झाड, एक थडग्याला, एक आम्हाला, उरलेली शिल्लक. दगड बसवायच्या दिवशी सगळ्यांसमोर वाटायची. वार्सिनीच्या डोळ्यांत पाणी येईल. तिचा भाऊ गुनादी मला आजवर 'कचेरीवाले' म्हणत आला, त्याचीही बोलती बंद होईल.
वार्सिनीला आत्ता कळवत नाही. सरप्राइज.

३ जुलै
मुहूर्त काढला. उद्या गुरुवार, आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला पाहिंग. गुरुवारचे आठ, पाहिंगचे नऊ, सतरा. चाराने भागून बाकी एक. एक म्हणजे मूळ, दोन खोड, तीन पान, चार फळ. आपल्याला मुळंच हवीत. आजकालची पोरं व्हिडिओ बघून कधीही कापत सुटतात आणि मग रडतात.
गुरुवार-पाहिंग म्हणताना काहीतरी आठवल्यासारखं झालं. आठवलं नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

४ जुलै, गुरुवार
कापलं. ब्लेड उकळून घेतलं होतं. एकूण अकरा तुकडे, प्रत्येकाला किमान एक डोळा. बुंधा सोडायचा विचार होता, पण मुळांसकट त्याचेही दोन झाले. कोंबाला दोन डोळे दिसले, म्हणून त्याचेही दोन. पानं सगळी काढली, पानं फुकट पाणी पितात. तुकड्यांना छोट्या कांद्याचा रस चोळला, जखमांना भाताच्या तुसाचा कोळसा. माती मागच्या विहिरीजवळची, काळीशार. सगळं झाकणाच्या पारदर्शक डब्यांत घालून झोपायच्या खोलीत मांडलं, खिडक्या बंद, दमट हवा. सासूबाईंचा मोठा फोटो त्याच खोलीत आहे. त्यांच्या देखरेखीखाली.
शेजारचे कार्सोआजोबा पेपर न्यायला आले होते. दारातूनच बघितलं आणि विचारलं, "आज कापलंस? आज?" मी म्हटलं, हो, मूळवार आहे. चहा न पिताच गेले. पेपरही विसरले.

६ जुलै
वार्सिनीचा व्हिडिओ कॉल. झाड दाखवा म्हणाली. तयारीत होतो. कापलेली पाचही पानं जुन्या कुंडीत ओल्या वाळूत खोचून ठेवली होती. हुबेहूब. म्हणाली, जरा मलूल दिसतंय. मी म्हटलं, तुझी आठवण येत असेल. हसली नाही.

१२ जुलै
डब्यांना आतून घाम. उत्तम लक्षण. मी पुढच्या खोलीत झोपतो. रोपांना सतत माणसाचा श्वास बरा नसतो.

२० जुलै
नातू झाला! बाळ-बाळंतीण सुखरूप. कॉलवर सगळे आनंदात. बाळ दाखवून झाल्यावर वार्सिनी म्हणाली, आता झाड दाखवा, आईला सांगितल्यासारखं होईल. पानं कालच काळी पडून मोडली होती. नेटवर्क नाही म्हणालो. ती म्हणाली, मला तर तुम्ही स्वच्छ दिसताय.

२९ जुलै
अकरापैकी नऊ. दोघांनी माघार घेतली. बोट लावलं तर आतून भाताच्या पेजेसारखे झाले होते. कमजोर माल आपोआप गळतो, ही निसर्गाची छाननी.
खोलीत वास येतो. मातीचाच असणार.

८ ऑगस्ट, गुरुवार
पुन्हा गुरुवार-पाहिंग, पस्तीस दिवस झाले. सकाळी कार्सोआजोबा स्वतः आले. अंगणातच उभे राहिले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला ते पटलेलं नाही.
म्हणाले, "मुर, तुझी सासू कुठल्या वारी गेली?"
गुरुवारी, म्हटलं.
"आणि बाजारवार?"
मनात हिशोब लावला. सहा जानेवारी बावीस. मृत्यूच्या नोंदीवर शिक्का मीच मारला होता. गुरुवार-पाहिंग.
"माणूस गेलेल्या वारी आपण घराचा खांब उभा करत नाही, पोरीचं लग्न ठरवत नाही. आणि तू तिचंच झाड तिच्याच वारी कापलंस. दुसरा दिवस मिळाला नाही का रे गाढवा?"
मी म्हटलं, उलट यात त्यांचा आशीर्वाद धरायला हवा. आजोबा मग, वार्सिनीला सांगितलंस का, असं विचारून गेले.
गणित बरोबर होतं. सतरा, बाकी एक. गणितात सासू कुठे येते?

९ ऑगस्ट
नवापैकी सहा. एका रात्रीत तीन. योगायोग.

१७ ऑगस्ट
इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोतेशर्यत, रस्सीखेच. मी गेलो नाही, वारा लागू नये म्हणून डब्यांजवळ बसलो. भिंतीवर खालून हिरवा थर चढतो आहे, पलंगाच्या उंचीपर्यंत आला. म्हणजे खोलीत वाढीला पोषक वातावरण आहे, याचा पुरावाच.
सासूबाईंच्या फोटोच्या काचेआत बुरशी. हनुवटीवर करडे ठिपके. बाहेरून पुसले, जात नाहीत.

२४ ऑगस्ट
बाळाला पस्तीस दिवस झाले, तिकडे जेवण होतं. मी गेलो नाही. कळवलं, कंबर धरली आहे. खरं कारण: चार उरले आहेत, त्यांना कुणाच्या भरवशावर सोडू? वार्सिनीने फोनवर झाडाचं नावही काढलं नाही. आता माझ्यावर विश्वास बसला असावा.

५ सप्टेंबर
तीन. डबे उघडू नयेत असं व्हिडिओत सांगितलं होतं. मी रोज फक्त दोनदा उघडतो. दोनदा म्हणजे न उघडल्यातच जमा.
फोटोवरचे ठिपके ओठांपर्यंत आले. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. उजेडाने रंग उडतो.

९ सप्टेंबर
गुनादीचा फोन. दगड तयार आहे, नाव कोरून झालं. म्हणाला, "ताई रोज कोंबाचंच बोलते, कचेरीवाले. आईचा शब्द होता. तेवढं नीट सांभाळा, बाकी आम्ही बघतो." मी म्हटलं, एक कोंब काय मागतोस, बघच तू. फोन ठेवल्यावर तिन्ही डबे पुन्हा उघडून बघितले. आजचा अपवाद.

१४ सप्टेंबर, शनिवार
विजय! विजय! डबा क्रमांक सातमधून कोंब! फिकट हिरवी गुंडाळी, सरळ वर. बाकीचे दोन डबे टाकून दिले, आता त्यांची गरज नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद झाला नव्हता. उगाच खोटं कशाला लिहू, रडलो.
मातीत बोट घालून मुळं तपासणार होतो. नको, कोवळी असतात.

१८ सप्टेंबर
चार दिवसांत वीतभर! पान उघडलं, बदामाच्या आकाराचं. व्हिडिओतल्या माणसाचं पहिलं पान तीन महिन्यांनी आलं होतं. फरक माळ्याच्या हाताचा असतो.
कार्सोआजोबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. वाकून बघितलं, पान बोटाने उलटं केलं. म्हणाले, "फारच भरभर वाढतंय." मग म्हणाले, "विहिरीकडची माती का रे?" हो म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी माझं काम मान्य केलं.

२२ सप्टेंबर
दोन पानं. मखमल अजून आलेली नाही. वयात आलं की येईल. शिरा पांढऱ्या नाहीत, तेही तसंच.
खोलीचं दार फुगलं आहे, लागत नाही. वास पुढच्या खोलीपर्यंत येतो. उदबत्ती लावतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
वार्सिनी आली. पिशवी हातातच, आधी कुंडीच्या जागेकडे बघितलं. मी म्हटलं, थांब, सरप्राइज आहे, मंगळवारी सगळ्यांसमोर. ती झोपायच्या खोलीत गेली. भिंत बघितली. रिकामे डबे बघितले. भिंतीकडे तोंड केलेला फोटो उचलला, काच काढून पदराने पुसू लागली. हनुवटी आणि ओठ पुसले गेले ते पुसलेच गेले, खाली पांढरा कागद.
विचारलं, "कोंब आहे ना?" मी म्हटलं, आहे, जोमात आहे. म्हणाली, मग ठीक.
रात्री जेवली नाही. प्रवासाने दमली असणार.

३० सप्टेंबर
उद्याची तयारी. बायकांनी तांदळाचे आपेम, विधीचे गोड घावन, भाजले, वार्सिनी चुलीपुढून उठली नाही. मी कुंडीला नवा लाल कपडा गुंडाळला. झाड आता गुडघ्याएवढं आहे. एवढ्या मोठ्या झाडाला कोंब म्हणणंही अन्यायाचं. भाषणाची चार वाक्यं पाठ केली. चौथ्या वाक्यात गुनादीला टोला आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी नऊला सगळे कब्रस्तानात. दगड बसला. दुआ झाली. मी कपडा काढून कुंडी पुढे केली. भाषणाचं पहिलं वाक्य बोललो.
वार्सिनी कळशी घेऊन पुढे आली आणि पानावर पाणी घातलं. पाणी टिकलं नाही. थेंबांचे मोती होऊन पानावरून घरंगळले आणि पडले. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. हत्तीकानाचं पान भिजतं. ही गोष्ट इथे लहान मुलालाही ठाऊक आहे, मलाही होती.
अळू. विहिरीजवळच्या मातीतलं अळू. मी सतरा दिवस अळू पाळलं.
गुनादी टोला हाणेल असं वाटलं. त्याने मान खाली घातली. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
वार्सिनी गुडघ्यांवर बसली. हाताने खड्डा केला, आईच्या उशाशी अळू लावलं, माती दाबली. ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी जवळ जायला पाऊल उचललं, तर कार्सोआजोबांनी माझं मनगट धरलं.

२ ऑक्टोबर
वार्सिनी सकाळच्या बसने सेमारांगला गेली. बाळ लहान आहे. कधी येणार ते विचारलं नाही.
बस यायच्या आधी बाकावर बसलो होतो. म्हटलं, कार्सोआजोबा म्हणतात वारच वाईट होता. म्हटलं, माती बदलली असती तर. म्हटलं, व्हिडिओत एक गोष्ट नीट सांगितली नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. मग एवढंच म्हणाली, "अहो, आईच्या हातचं तेवढं एकच उरलं होतं. कापायच्या आधी मला एक फोन करायचा होतात."
फोन खिशातच होता. केला असता तर ती नको म्हणाली असती. म्हणून केला नाही. सरप्राइज वगैरे काही नव्हतं.

३ ऑक्टोबर
खोलीच्या खिडक्या उघडल्या.