पिरेनीजमधली ती तार

सोमवार, १२ जून २००६. बर्मिंगहॅम.

श्रीकांतने आज फ्रान्सची ट्रिप बुक केली. पिरेनीजच्या डोंगरांतलं गेल्या वर्षीचंच गाव, पण या वेळी दरीतली सपाट वाट. "तुझ्यासाठी सोपी घेतलीय," म्हणाला. नवऱ्याच्या काळजीनेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

गेल्या वर्षी खिंडीच्या अलीकडे कड्यात कोरलेली अरुंद वाट होती. धरायला खडकात ठोकलेली लोखंडी तार. मी अर्ध्यात थिजले. खाली नुसती पोकळी, आणि हातातली ती गार तार सोडवेना. श्रीकांतने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला मागे आणलं. खिंडीपलीकडचा तलाव दोघांचाही बघायचा राहिला. त्यानंतर तो त्याबद्दल एकदाही बोलला नाही.

पण मी काय गप्प बसलेय? जानेवारीपासून ऑफिसनंतर क्लाइंबिंग वॉलवर जाते. त्याला वाटतं, योगाला जाते. परवा अगदी वरपर्यंत पोचले आणि मुद्दाम खाली बघितलं. पाय थरथरले, पण बोटं आखडली नाहीत. त्या तारेवर आखडतील का? माहीत नाही. आखडली तरी पाऊल पुढेच टाकणार.

आज जेवताना सगळं सांगून टाकलं. "बुकिंग बदल. मला तलाव बघायचाय."

तो म्हणाला, "बरं. मी तुझ्या मागेच राहीन."

"नको, तू पुढे चाल. तू मागे असलास की मला परत फिरावंसं वाटतं."