आधी प्रश्न, मग उत्तर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
पुण्याच्या सल्लागार कंपनीचा कॉल आला! मुलाखत सोळाला, साताऱ्यात. केस स्टडी राउंड. म्हणजे ते एखाद्या धंद्याचं दुखणं सांगणार आणि मी अर्ध्या तासात औषध सांगायचं. आजपासून पहाटे पाचला उठून रोज दोन केस. आप्पांची अट : ही शेवटची मुलाखत, नाहीतर तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडवर. शेडवर मी जाणार नाही. मनुके निवडायला एमबीए केलेलं नाही.

३ फेब्रुवारी. सकाळी नऊ.
उठलो नाही. झोप अपुरी असली की लॉजिक बिघडतं. केस संध्याकाळी.

५ फेब्रुवारी.
केस नाही, पण व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतला माणूस म्हणतो, उत्तराकडे धावू नका. आधी प्रश्न विचारा, समोरच्याशी नातं जोडा. हे तर आमच्या रक्तातच आहे. अर्धी तयारी झालीच म्हणायची.

८ फेब्रुवारी, रविवार.
धाकट्या बहिणीला, क्रांतीला, साहेब करून समोर बसवलं. तिची केस : रसवंतीला गिऱ्हाईक वाढलं तरी नफा घटला, का? मी विचारलं, रसवंती कुठल्या फाट्यावर, मालक कुणापैकी, मूळचा कुठला. ती म्हणाली, दादा, रसाचं बोल की. मी म्हटलं, याला पद्धत म्हणतात. ती म्हणाली, तुजी पद्धत संपंस्तवर रसवंती बंद पडंल. वहीच मिटून टाकली. या घरात सपोर्ट म्हणून नाही!

११ फेब्रुवारी.
आप्पांनी भावकीत सांगून टाकलं, आमचा शिवतेज पुण्यात सायब हुतोय. आता नाही म्हणायची सोय नाही. या टेन्शनमुळं आजही केस नाही. आईनं डोकं चालावं म्हणून भिजवलेले बेदाणे दिले. या घरात सगळ्यावर औषध बेदाणेच.

१५ फेब्रुवारी.
सोडवलेल्या केस : शून्य. पण शर्टाला इस्त्री झाली. कॉन्फिडन्स फुल्ल.

१६ फेब्रुवारी, सोमवार. परतीच्या एसटीत.
काय मुलाखत झाली! समोर पृथ्वीराज सर आणि एक बाई. केस : हॉटेलात गर्दी मावत नाही, तरी तोटा. दुसरा कुणी असता तर भाज्यांचे भाव मोजत बसला असता. मी धावलो नाही. विचारलं, सर, आपलं गाव? फलटण म्हणाले. फलटणला तर आमची आत्या दिलीय! मग कुठली आळी, कुणाच्यात, करत करत धागा लागला. आत्याच्या जाऊबाईंचे ते सख्खे भाऊ! सर हसले. मधूनमधून घड्याळ बघत होते. वेळेची कदर असलेला माणूस. बाई म्हणाल्या, हॉटेलचं राहिलं. तेवढ्यात वेळ संपली. असो. हॉटेलं काय, पैशाला पासरी आहेत. पाव्हण्याला कोण नाकारतं?

२३ फेब्रुवारी.
मेल नाही. बरोबर आहे, घरच्या माणसाला कुणी मेल करतं का? आप्पा रोज विचारतात. मी म्हणतो, प्रोसेस चालू आहे. पण आज जेवण गेलं नाही.

१ मार्च, रविवार. घरी.
फलटणला आत्याच्या जाऊबाईंच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलीचे मामा कोण? पृथ्वीराज सर. पंगतीत नेमके आप्पांच्या शेजारी. भरपंगतीत मोठ्यानं म्हणाले, पाव्हणं, पोरगं लय गोड हाय. आमच्या चार पिढ्या काढल्या त्यानं. पण हॉटेल बुडालं बगा! सगळी पंगत हसली. क्रांतीला ठसका लागला. आप्पांचा जिलेबीचा घास हातातच राहिला. मला लाज वाटली. अगदी खरी.

एवढ्यावर भागलं नाही. आत्यानं हाताला धरून उभं केलं. म्हणाली, मामा लागत्यात तुजं, पाया पड.

पडलो. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून आशीर्वाद दिला, की चांगली नोकरी लागू दे.

घरी आल्यावर आप्पांनी शेडची किल्ली माझ्या उशाशी ठेवली.

उद्या पहाटे पाचला उठायचंय. या वेळी आप्पा उठवणार आहेत.