एडवर्ड अंकलच्या बोटीचा शाफ्ट

प्रिय व्हिव्हियन,

बहारीनला बसून माझ्या मेसेजला नुसता अंगठा पाठवून मोकळं व्हायची तुला सवय लागली आहे, म्हणून या वेळी सरळ कागद घेतला. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या पप्पांची बोट पाचूबंदरला ओढून ठेवल्याचं तुला ठाऊकच आहे. खाऱ्या पाण्याने पंख्याचा शाफ्ट खाल्लेला, आणि ऐन हंगामात नवा कुठून मिळायचा? मीच त्यांना गळ घातली, अंकल, माझ्या गाळ्यावर द्या, झिजल्या जागी लेझरने नवा धातू चढवून देते. ते हसले. उजेडाने लोखंड भरणारी पोरगी म्हणे! तरी दिला बाबा. वर सगळ्या बंदरावर सांगून ठेवलं, की बिघडवलान् तर पुन्हा तिच्या दारात पाय ठेवणार नाही. बाकीचे नाखवेही याच शाफ्टकडे डोळे लावून बसलेले. हा फसला असता, तर वसईत माझ्याकडे कोणी खिळासुद्धा आणला नसता. माझी झोपच उडाली होती.

आपल्या कामाची रीत तुला माहीत आहे. लेझरने वरचा पापुद्रा वितळवायचा, त्यातच धातूची पूड सोडायची, की थर अंगाशी एकजीव होतो. फक्त पृष्ठभाग लख्ख हवा, हाताचा घामसुद्धा चालत नाही. मी शाफ्ट घासूनपुसून मशीनवर चढवला आणि गॅसचा सिलिंडर आणायला गेले. नेमकी खंडेनवमी! आई नायगावहून पूजेचं ताट घेऊन आलेली, आणि काम बघायला अंकलही हजर.

परत येऊन थर चढवला, तर घावनाला पडते तशी जाळी! घावनाचं कौतुक होतं रे, शाफ्टचं कोण करणार? पूड बदलली, नोझल तपासला, काही सापडेना. अंकलना सरळ सांगून टाकलं, की काम बिघडलंय. आणि मला रडूच फुटलं. तेव्हा आई ओशाळून पुढे आली. तिने शाफ्टला तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं, आणि मी ओरडेन म्हणून पदराने पुसलंही होतं. मी तिच्यावर तोंड सोडणार, तेवढ्यात अंकलनी घसा खाकरला. त्यांनीही फादरांनी आशीर्वाद दिलेल्या तेलाने त्याच शाफ्टवर क्रूस काढला होता, आणि गुपचूप रुमालाने पुसला होता! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि असे हसत सुटले, की मीही रडता रडता हसले. दोन्हीकडच्या एवढ्या आशीर्वादापुढे बिचारा लेझर काय करणार!

सगळा थर खरवडून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि आतून कडी घातली. संध्याकाळी थर असा गुळगुळीत आला, की अंकल नुसतं नख फिरवून पाहत राहिले. बोट परवा बोंबलाने भरून आली. आता इतर नाखव्यांचे शाफ्ट गाळ्याच्या दारात पडलेत.

पण पत्र त्यासाठी नाही. रविवारी मिस्सा सुटल्यावर अंकल उन्हात वाळवलेली सुकेळी घेऊन आमच्या घरी आले. मला वाटलं, आभार मानायला आले असतील. त्यांनी आईकडे तुझ्यासाठी मला चक्क मागणी घातली. म्हणाले, बिघडलेलं झाकत नाही, खरवडून पुन्हा करते, अशी सून मला पाहिजे. आईने मला न विचारता हो म्हटलं. देऊळ की चर्च, यावर थोडं वाजलं, मग दोन्हीकडे ठरलं. आता राहिलो फक्त तू आणि मी. इतक्या वर्षांत तू विचारलं नाहीस, मीही तुझ्या विचारण्याची वाट बघत बसले. आता नाही बसवत. मला तू फार आवडतोस, व्हिव्हियन. करतोस का माझ्याशी लग्न? उत्तर आधी मला कळव, कारण तुझे पप्पा मांडववाल्याशी बोलायला निघालेच आहेत.

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
विनिता