दीनानाथ सरांचा तांबूस लाइट

३ नोव्हेंबर
आले एकदाची नोएडात! पुण्यात मुंजी-बारशांचे फोटो काढून हात झिजवले, आता दीनानाथ सरांच्या स्टुडिओत खरीखुरी लग्नं. खाली स्टुडिओ, वरच्या खोलीत मी. सरांच्या बायको, लतिकाकाकू, अल्बम एडिट करतात. पोहे करून वाटच बघत होत्या. दोघंही दिल्लीत वाढलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरतात. सर म्हणाले, बिल्कुल घर समज यार, टेन्शन नको.

माझी धाकटी बहीण तनया इथेच आयटीत आहे. डिसेंबरात गाझियाबादच्या चिरागशी तिचं लग्न. त्याचे फोटोही आपणच काढू, असं सरांनी स्वतःहून सांगितलं. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

रिसेप्शनमध्ये भिंतभर एक फोटो आहे. नवरा-नवरी काळ्या आकृत्यांत, मागून लाइट, आणि ओढणीच्या कडेला अशी तांबूस झळाळी, की मी बॅग खांद्यावरच ठेवून बघत राहिले. लाइटवर कुठला रंगीत कागद लावला होता, असं विचारलं. सर नुसते हसले.

७ नोव्हेंबर
बाकीचे फोटोग्राफर समोरून लाइट मारतात आणि सगळ्या नवऱ्या सोललेल्या अंड्यासारख्या दिसतात. सरांचं उलट. एकच जुना दिवा, जोडप्याच्या मागे, खाली. सावल्या लांबत लांबत कॅमेऱ्यापर्यंत येतात. सर आधी सावल्या जुळवतात, मग माणसं. मेकअपमध्ये चेहरे सारखेच होतात, सावली खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं जमलं की दोन बोटं उचलून खूण करतात: मान वर. नवरीने मान उचलली, गळ्याची रेघ लाइटमध्ये आली, की क्लिक. काय नजर आहे माणसाची!

एकच नियम. दिव्याची काच पुसायची नाही. मला माहीत नव्हतं, मी फडकं घेऊन गेले. सरांनी मनगट असं पिळलं की अजून काळंनिळं आहे. रंग त्या काचेतच आहे म्हणे.

१५ नोव्हेंबर
गाझियाबादला, एका फार्महाउसवर. हवा धुराने भरलेली, त्यामुळे दिव्याचा झोत सुरेख दिसत होता. कॅमेऱ्यातून पाहिलं तर माणसं दोन आणि जमिनीवर सावल्या तीन. तिसरीचा हात वर. कोणी वेटर मागे उभा असेल, म्हणून मी ओरडले, भैया, हटो ज़रा. मागे कोणीच नव्हतं. काढला फोटो.

वरमालेच्या वेळी नवऱ्याच्या काकांनी आनंदाने बंदूक काढली. हवेत उडवायची होती. हात लटपटला. नवऱ्याचा खालचा जबडाच गेला. सेहऱ्याची फुलं रक्ताने चिकटली होती, आणि तो फुलांमागून काहीतरी बोलायला बघत होता. माझं बोट क्लिक करतच राहिलं. थांबेचना ते.

सर म्हणाले, इथे होतं असं कधीकधी, चलो, सामान आवर.

१८ नोव्हेंबर
फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या सावलीची बोटं नवऱ्याच्या सावलीच्या जबड्यावर टेकलेली आहेत.

काकूंना दाखवला. त्या चहा ढवळत म्हणाल्या, तो तर प्रत्येक फोटोत येतो, मी एडिटमध्ये काढून टाकते. चेहऱ्यावरची पुटकुळी काढावी तसं म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर
आज दुसऱ्या एका लग्नात, नवरीच्या भावाची मान. सावलीचा पंजा तिथे होता. मी त्याला हाताला धरून बाजूला ओढलं. तो हसला, दीदी, आप भी ना! मला वाटलं, वाचला.

नंतर नाचताना गाण्यावरून भांडण झालं. कोणीतरी बाटली फोडली. मी माझी ओढणी त्याच्या मानेत दाबून धरली होती. किती गरम असतं रक्त. माझ्या मांडीवर गेला तो.

२५ नोव्हेंबर
आज काकूंना सोडलं नाही, बोलतं केलंच.

माझ्या आधी शार्दूल नावाचा फोटोग्राफर होता. लग्नात जोडप्याच्या मागे दिवा लावून त्याने हात वर केला: तयार. तेवढ्यात वरातीतली गोळी त्याच्या गळ्यातून गेली. रक्त काचेवर उडालं. ओढणीची कड तांबूस उजळली, आणि सरांनी क्लिक केलं. रिसेप्शनमधला फोटो तोच. शार्दूलला काकूंनी त्यातून पुसलं.

तेव्हा तो जिवंत होता, असं काकूच म्हणाल्या. फोकस नीट मिळेना, म्हणून सर पुन्हा पुन्हा काढत राहिले. मगच ॲम्ब्युलन्स.

तनयाला फोन केला, दुसरा कोणीतरी बघ. ती रडायलाच लागली. तिला तोच रेडवाला फोटो हवाय, ताई असं काय करतेस यार. खरं सांगितलं तर म्हणाली, तू झोपत नाहीयेस. चिरागच्या घरचे सरांशी कधीच बोलून बसलेत.

मग मीही जाणार. तिच्यावर ती सावली पडू देणार नाही.

४ डिसेंबर, सकाळ
सर अंघोळीला गेले तशी काच धुतली. पाणी लाल. पुन्हा धुतली. लाल. साबण, नखं, सगळं करून झालं. लालच येतंय.

४ डिसेंबर, लग्नाच्या हॉलवर
नवरीच्या मेकअपच्या खोलीत आहे. आतून कडी. डायरी पर्समध्ये होती. कोणाला तरी कळायला हवं.

सरांनी दिवा लावला. सावल्या तीन. त्याचा हात तनयाच्या सावलीच्या पोटाकडे सरकत होता. हळूहळू. ती हसत होती, माझ्याकडे बघून —

मी धावले. स्टँड उचलला. तळवे भाजले. दिवा इकडे आणला, माझ्या मागे. तनयाची सावली मागच्या भिंतीवर गेली. सुटली ती. सर ओरडले, फ्रेम घालवलीस.

मग समोर माझी सावली पडली. तिच्या शेजारी दुसरी. हात वर.

म्हणजे तो माझ्यामागे —

दिवा घेऊनच पळाले. तिच्यापासून लांब. प्लग केव्हाच निघालाय. जळतोच आहे. स्टूल मारलं काचेवर. फुटत नाही.

बाहेर नाही जायचं. गेले तर उजेड तनयावर —

पानावर माझ्या हाताची सावली. पेनसकट. वरून दुसरा हात उतरतोय. बोटं लांब.

दाराला काच आहे. पलीकडे सर. दार तोडत नाहीयेत. कोणाला बोलवतही नाहीयेत. कॅमेरा डोळ्याला. फोकस जुळवतायत.

माझ्या केसांच्या कडा तांबूस दिसत असतील.

मानेवर गरम —

सर दोन बोटं उचलतायत. मान व